जास्तीची ओळ

"सर, एक ओळ जास्त येतेय."

बागणीकर सर चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. "कसली ओळ?"

"फेरतपासणीला आलेल्या बाळांच्या तक्त्याला मी वॉर्डातला तक्ता जोडला. जेवढी बाळं तेवढ्याच ओळी राहायला हव्यात. एक वाढलीय."

"एवढ्या सगळ्यांत एक?"

"हो."

"मग उडव ना ती. हेर्लेकर, सोमवारी देणगीदार यायचेत. त्यांना मी काय सांगू, आमच्या मुलाला एक ओळ जास्त दिसतेय म्हणून अहवाल राहिला?"

सर वाईट माणूस नव्हते. मिरजेतल्या त्या लहानशा संस्थेत नवजात बाळांचे कान तपासण्याचा प्रकल्प त्यांनी दारोदार हिंडून उभा केला होता. मी संख्याशास्त्रात एम. एस्सी. करून नुकताच तिथं चिकटलो होतो. बाळ जन्मलं की वॉर्डातच त्याच्या कानात एक इवलीशी नळी घालायची. यंत्र बारीक आवाज सोडतं आणि कानाकडून उत्तर येतं का ते बघतं. उत्तर आलं नाही तर तीन महिन्यांनी बाळाला पुन्हा आणायला सांगायचं. तेव्हा झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा लावून खरी तपासणी. पहिल्यांदा नापास झालेली बहुतेक बाळं दुसऱ्या खेपेला पास होत. जन्मताना कानात राहिलेलं पाणी तोवर सुकलेलं असे. पण जी तेव्हाही नापास होत, त्यांना लगेच कानाचं मशीन लावावं लागे. पहिली दोन-तीन वर्षं अशीच गेली तर पोराच्या हातून भाषाच निसटते.

माझ्याकडं तीन तक्ते होते. एक वॉर्डातला, दुसरा फेरतपासणीचा, आणि तिसरा आरोग्य केंद्रांकडून मागवलेला लसीकरणाचा. ते एकमेकांना जोडायचे होते 'आर' नावाच्या संगणकभाषेत. आरला दोन तक्ते द्यायचे, दोन्हींत सारखी असणारी खूण सांगायची; ती एकातली ओळ उचलून दुसऱ्यातल्या जोडीदार ओळीशेजारी नेऊन ठेवते. अडचण खुणेचीच होती. बाळाचं नाव चालत नव्हतं, कारण वॉर्डात बाळाला नाव कुठलं? बारसं होईपर्यंत ते नुसतं 'अमकीचं बाळ'. गाव चालत नव्हतं, कारण बाळंतपण माहेरी आणि पुढच्या लसी सासरी. आडनाव तर कुणी वडलांचं सांगितलेलं, कुणी नवऱ्याचं. शेवटी आईचं नाव, तिचं वय आणि बाळंतपणाची तारीख, या तिन्ही गोष्टी मिळून मी खूण धरली. एकट्या 'सुनीता' या नावाच्या लिहिण्याच्या सतरा तऱ्हा एकसारख्या करण्यात दिवसच्या दिवस गेले. पण पहिले दोन तक्ते जुळले. जुळले आणि एक ओळ वर उरली.

दुबार ओळी काढून टाकायला आरमध्ये एका शब्दाची आज्ञा आहे. मी ती लिहिलीही. मग कुठली ओळ जाणार ते तरी बघू म्हणून आधी त्या दोन्ही ओळी शेजारी शेजारी उघडल्या.

आई महादेवी बिरादार. फेरतपासणीला बाळ एकच आलेलं, नाव दीक्षा, दोन्ही कान उत्तम. त्या एका बाळासमोर वॉर्डातल्या तक्त्यातली दोन बाळं येऊन उभी राहिली होती. महादेवीचं बाळ एक: पास. महादेवीचं बाळ दोन: नापास.

जुळ्या मुली होत्या.

म्हणजे आरचं काही चुकलं नव्हतं. आई एक, तारीख एक. आरला दोन्ही ओळी सारख्याच जोडीदार. आता दोनांतलं फेरतपासणीला आलेलं बाळ कोणतं, ते ठरवून दुसरी ओळ पुसली की काम संपत होतं. फेरतपासणीला नापास झालेलं बाळच आणतात, त्यात विचार कसला? तरी खात्रीसाठी म्हणून मी तिसरा तक्ता जोडला. त्यात दोघींची नावं होती: समीक्षा आणि दीक्षा. दोघींच्या लसी एकाच दिवशी, आणि लस देताना वजनही केलेलं. फेरतपासणी त्याच आठवड्यातली. तिथंही वजन होतं, कारण झोपेचं औषध वजनावर ठरतं.

समीक्षा अंगानं चांगली भरलेली होती. दीक्षा तिच्याहून किलोभर कमी. जन्मतानाही तसंच, दोन नंबरचं बाळ कमी वजनाचं म्हणून काचेच्या पेटीत ठेवलेलं. आणि तारा लावून तपासलेल्या 'दीक्षा'चं वजन समीक्षाच्या वजनाशी तंतोतंत जुळत होतं.

मी खुर्चीतून उठलो आणि शबाना मुजावर मॅडमच्या खोलीत गेलो.

फेरतपासण्या सगळ्या मुजावर मॅडम करायच्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाढलेल्या, कानाच्या पक्क्या, आणि तोंडाच्याही. शेजारच्या खोलीतला पंखा कुरकुरला तरी त्यांना खपायचं नाही. मी कागद पुढं ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे माझी तपासणी चुकली म्हणतोयस?"

"तपासणी नाही मॅडम. बाळ."

 त्यांनी कागद ओढून घेतला आणि वजनांवर बोट ठेवलं.

"आरोग्य केंद्रातल्या काट्याचा काय भरवसा?"

"एका पोरीचं चुकेल. दोघींची उलटीपालटी कशी होईल? आणि तुमचा काटा तर तुमचाच आहे."

"माझा काटा चुकत नाही," त्या म्हणाल्या. म्हणता म्हणताच त्यांचा आवाज उतरला. आपलाच काटा आपल्यावर उलटलाय हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.  "मी लिहून दिलंय. दोन्ही कान उत्तम, पुन्हा यायची गरज नाही. माझी सही आहे त्याच्यावर. पोरी आता केवढ्या असतील?"

"सव्वा वर्षाच्या."

"पत्ता?"

पत्ताही लसीच्याच तक्त्यात होता. गोवराची लस सासरच्या गावी टोचलेली. जत तालुक्याच्या पार कडेला, जिथून पुढं कर्नाटक सुरू होतं.

"उद्या सकाळी चौकात थांब. मी गाडी घेऊन येते." मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "आणि सरांना तूच सांग. मला जमायचं नाही."

सरांना मी सांगितलं. ते आधी चिडले. एका वजनावरून माणसांच्या दारात जाऊन उभं राहायचं का, उद्या त्यांनी बोभाटा केला तर काय, असं बरंच बोलले. मग कपाळ चोळत म्हणाले, "खरंच बदललं असेल का रे बाळ?"

"जाऊन बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"जा मग. पण घरच्यांना घाबरवू नका."

मॅडमच्या जुन्या मारुतीतून आम्ही निघालो. कवठेमहांकाळ मागं पडलं, रान रुक्ष होत गेलं, मध्येच डाळिंबाच्या बागांचे हिरवे तुकडे. मॅडम गाडी चालवताना एरवी अखंड बोलायच्या. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "जुळी म्हणजे बायकांची घाई. हातात काळा दोरा बांधतात ओळखायला. आंघोळीला सोडला, बांधताना दुसरीला बांधला, झालं. चुकून होतं असं."

"असंच झालं असेल," मी म्हणालो.

बिरादारांचं घर वस्तीवर, चार खोल्यांचं, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. अंगणात एक दांडगी म्हातारी डाळिंबं निवडत बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन पोरी, एकसारख्या पिवळ्या झबल्यांत, दाणे वेचून तोंडात कोंबत होत्या. एक गुटगुटीत, दुसरी जरा बारकी. मॅडमनी ओळख सांगितली. म्हातारी म्हणजे महादेवीची सासू, शिवक्का. नवरा बागेवर फवारणीला गेला होता. महादेवी आतून आली, दारातच थांबली. विशी-बाविशीची असेल. मॅडमना बघून तिनं पदर दोन्ही हातांनी धरला.

"कान तपासायला आलाय व्हय?" शिवक्का हसल्या. "आमच्या पोरींचं कान लई तिखट हाय वो. बगा की."

त्यांनी जोरात टाळी वाजवली. दोन्ही पोरींनी एकदम मान वळवली.

मी मॅडमकडं बघितलं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र तसं काहीच नव्हतं. त्या बारक्या पोरीकडं डोळे लावून बसल्या होत्या.

"आजी, परत वाजवा."

शिवक्कांनी परत टाळी दिली. पुन्हा दोघी वळल्या. आता मलाही दिसलं. गुटगुटीत पोर आधी वळली. बारकीनं बहिणीची मान हललेली बघितली, आणि मग ती वळली. मध्ये पापणी लवण्याइतकाही वेळ नव्हता.

"बोलतात का काही?"

"ही समीक्षा आज्जी म्हणती, आव्वा म्हणती, दिवसभर टकळी. दीक्षा गप असती. जुळ्यात असतंय की तसं, एक बडबडी, एक गप."

"समीक्षाला जरा आत नेता?"

दारातली महादेवी हलली नाही. शेवटी मीच समीक्षाला उचललं, आणि तिनं नव्या माणसाला बघून भोकाड पसरलं. तिला आत नेऊन पाळण्यात ठेवलं, हातात डाळिंब दिलं, तेव्हा कुठं ती थांबली. बाहेर आलो तर दीक्षा पाठमोरी बसून मातीतले दाणे एकेक करून उचलत होती. मॅडमनी शिवक्कांकडून पितळी ताट आणि उलथनं मागून घेतलं, पोरीच्या मागं हातभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि ताट वाजवलं.

वस्तीवरचं कुत्रं उठून उभं राहिलं. आत समीक्षा पुन्हा रडायला लागली. दीक्षानं एक दाणा उचलला, झबल्याला पुसला आणि तोंडात टाकला.

"परत वाजवा की," शिवक्का म्हणाल्या. त्यांचं हसू गेलं होतं. मॅडमनी परत वाजवलं. मग म्हातारीनं ताट त्यांच्या हातून हिसकून घेतलं आणि स्वतः वाजवलं, दाणदाण, वेड लागल्यागत. "ए दीक्षा! दीक्षव्वा! बाळे, हिकडं बघ की गं!"

"आत्ती, नका," महादेवी दारातून म्हणाली. "तिला ऐकू येत न्हाई. मला ठावं हाय."

शिवक्कांचा हात वरच राहिला.

"कवापासनं?"

"पैल्यापासनं."

मॅडम ओट्यावर बसल्या. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी माझ्याकडं कुणाला आणलं होतंस?"

"समीक्षाला."

"दोरा बदलला होता का? चुकून?"

"चुकून न्हवं." महादेवी आता अंगणात आली होती. दीक्षाला उचलून तिनं कमरेवर घेतलं, तिच्या तोंडाची माती पदरानं पुसली. "मला कागद पायजे होता. चांगलं लिवलेला."

"कुणाला दाखवायला?"

महादेवीनं सासूकडं बघितलं नाही. "बारशाला आत्ती आमच्या म्हायेरी आल्या होत्या. एका पोरीचा कान नापास झालाय म्हणून आमची आई बोलून गेली. तर ह्या म्हणाल्या, बहिरी निघाली तर ती ऱ्हाऊ दे हितंच, आमी एक घिऊन जातो." तिचा आवाज चढला नाही की कापलाही नाही. "मला दोघींनाबी घरी आणायचं होतं."

 

"अगं, मला सांगायचंस ना," मॅडम म्हणाल्या. "मी तेव्हाच मशीन लावलं असतं. वर्ष गेलं की पोरीचं."

"तुमी कागदावर लिवलं असतं की, बाई."

मॅडम ओट्यावरून उठून दीक्षापाशी गेल्या. 

"म्हटलं, हळूहळू येईल," महादेवी म्हणाली. "रोज कानाला तोंड लावून बोलत होते तिच्याशी. ती हसायची. तोंडाचा वारा लागतोय म्हणून हसतीया, हे मला लई उशिरा कळलं. मग कुणाला सांगू? कागद तर माझ्याच हातात होता, चांगला."

शिवक्कांनी ताट खाली ठेवलं. मला वाटलं आता ही बाई पेटणार. आपण परक्यांनी इथं थांबावं की उठावं, तेच कळेना. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, महादेवीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मी असं म्हटलं?"

"म्हटलं, आत्ती."

"म्हटलं असंल." त्या दीक्षाकडं बघत होत्या. दीक्षानं त्यांच्या नाकातल्या चमकीकडं हात नेला. "बारा माणसांत बसलं की माझ्या तोंडाला हाड नसतंय. तू ते धरून बसलीस व्हय गं? वर्षभर?"

महादेवी रडायला लागली ती तेव्हा. उभ्या उभ्या, पोर कमरेवर तशीच. शिवक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही की तिला जवळ घेतलं नाही. त्या आत गेल्या. आत भांड्यांचा, मग ट्रंकेच्या झाकणाचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा अंगावर इरकली लुगडं, एका खांद्यावर समीक्षा आणि हातात कापडी पिशवी.

"कुठं जायाचं हाय?" त्यांनी मॅडमना विचारलं.

"मिरजेला. पण आजच असं नाही, आजी. तारीख देते मी..."

"वरीस गेलं म्हणालासा न्हवं? मग आनी तारीख कशाला? चला." आणि सुनेकडं वळून, "तोंड धू. त्याला फोन लाव, म्हणावं भाकरी झाकून ठेवलीया."

मारुतीत पुढच्या सीटवर शिवक्का बसल्या, दीक्षाला मांडीवर घेऊन. मागं मी, महादेवी आणि समीक्षा. समीक्षानं माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून घेतलं ते मिरजेपर्यंत दिलं नाही. वाटेत शिवक्कांनी एकदाच तोंड उघडलं. "हिचं लगीन हुईल का वो?" मॅडम म्हणाल्या, "आजी, आधी तिला 'आज्जी' तर म्हणू दे." त्यावर त्या नुसत्या हुंकारल्या.

त्याच दुपारी दीक्षाला झोपेचं औषध दिलं. या वेळी तिला काट्यावर ठेवलं तेव्हा मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला आणि मला लिहायला लावला. तारा लावल्या. दोन्ही कान जवळजवळ बंद. अगदी मोठ्या आवाजाला तेवढी बारीकशी रेघ हलायची. मॅडमनी ती रेघ महादेवीला बोटानं दाखवली. "एवढं आहे बघ. एवढ्यावर उभं करू आपण तिला." नवा कागद लिहिताना मात्र त्या बराच वेळ पेन नुसतं धरून बसल्या होत्या.

सोमवारी देणगीदार आले. अहवाल अपुराच होता. जुळ्यांच्या सगळ्या जोड्या मी पुन्हा एकेक करून तपासत होतो. दुसरी कुठं अशी अदलाबदल निघाली नाही. सरांनी पाहुण्यांपुढं सारवासारव केली नाही. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या दिवसापासून फेरतपासणीला बाळ आलं, की जुळं आहे का, हा प्रश्न सगळ्यात आधी यायला लागला. आणि नापास बाळाच्या आईशी मुजावर मॅडम आधी एकटीशी बोलायच्या, दार लावून. घरच्यांना नंतर.

पुढं मी पुण्याला नोकरी धरली. तिथंही तेच काम, तक्त्याला तक्ता जोडायचा, फक्त माणसांऐवजी विम्याच्या पॉलिसी. दीक्षाची खबर मॅडमकडून कळत राहिली. ती उशिरानं बोलायला लागली, अजून काही अक्षरं खाते, पण शाळेत जाते. समीक्षाच्याच वर्गात.

तिला मशीन बसवलं त्या दिवशी मात्र मी अजून मिरजेतच होतो. कानाचे साचे तयार होऊन यायला थोडे दिवस गेले होते. दीक्षा महादेवीच्या मांडीवर, समोर शिवक्का. मॅडमनी दोन्ही कानांत मशीन बसवलं, एक छोटं बटण दाबलं आणि मागं सरकून बसल्या.  शिवक्कांना राहवलं नाही. त्या पुढं झुकल्या आणि शेतात हाक मारावी तशा ओरडल्या, "दीक्षव्वा!"

पोर दचकली. ओठ काढले, आणि जिवाच्या आकांतानं रडायला लागली. स्वतःचं रडणं ऐकून आणखीच घाबरली. एका हातानं उजव्या कानातलं मशीन उपसलं आणि फेकून दिलं ते थेट टेबलाखाली.

महादेवी पांढरी पडली. "काय झालं? नगं म्हणतीया का?"

"आवडलं नाही तिला," मुजावर मॅडम टेबलाखाली वाकत म्हणाल्या. वर आल्या तेव्हा हातात मशीन होतं आणि डोळे भरलेले. "आवडलं नाही, म्हणजे ऐकू आलं."

शिवक्का कितीतरी वेळ रडणाऱ्या नातीकडं बघत होत्या. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, खुर्ची जरा मागं घेतली आणि सुनेला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या,

"आता मला घरात जपून बोलायला पायजे."